करवतीला लावलेलं कुंकू

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. चहा ओतून घ्या, बिस्किटं पुढे सरकवा, आणि हाच किस्सा माझ्या बायकोकडून ऐकला असेल तर तो विसरून जा. सुप्रिया तिखटमीठ लावून सांगते. मी जसं घडलं तसं सांगतो, कारण माझ्या बाबतीत वाढवून सांगायची वेळच येत नाही.

तर मी मंदार. मूळचा पुण्याचा, आता डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला राहतो, आणि नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. टेस्टर म्हणजे कोण? तर दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायचा ज्याला पगार मिळतो, तो. इतकी वर्षं हेच करतोय, त्यामुळे आता मला चुका सगळीकडे दिसतात. हॉटेलच्या मेन्यूत दिसतात, शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये दिसतात, सुप्रियाच्या आमटीतही दिसतात, पण तिथे बोलायचं नसतं हे मी शिकलोय.

या सगळ्याचं मूळ आमच्या लग्नात आहे. माझे सासरे, म्हणजे अण्णा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. उभी हयात लाकूड कापण्यात गेली. डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे, उरलेली अर्धी तरुणपणी एका यंत्राने नेली. तर कन्यादान झालं, अण्णांनी त्या साडेचार बोटांच्या हातात माझा हात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि भर मांडवात म्हणाले, "जावईबापू, हात लई मऊ हाईत ओ तुमचं!"

मांडव हसला. फोटोग्राफर हसला. अहो, भटजीसुद्धा हसले! मीही हसलो, नवरदेवाला दुसरं करता काय येतं? पण ते वाक्य जे आत जाऊन बसलं, ते दहा वर्षं हललं नाही. मी लॅपटॉपवर टाइप करताना मधेच थांबून स्वतःच्या हातांकडे बघायचो.

त्यामुळे अण्णा महिनाभर आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. यंदा दाखवायचंच! तसा मला मॉडेल बनवायचा छंद होता, पण तो पुठ्ठा, डिंक आणि कात्रीपुरता. आता लाकडात उतरायचं ठरवलं. आणि मॉडेल कशाचं? तर गुऱ्हाळाचं. उसाचा चरक, त्याची दात्यांची चाकं, कडेला रस उकळायची काहील, मागे धुराडं. कारण अण्णांनी आयुष्यात पहिला पॅटर्न केला तो चरकाच्या चाकाचा. ती गोष्ट ते दर दिवाळीला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगतात. मी व्हिडिओ कॉलवर जाहीर करून टाकलं, "अण्णा, तुम्ही याल तेव्हा चरक फिरत असेल. आणि चाकं मी स्वतः कापलेली असतील."

अण्णा म्हणाले, "बगू."

आता, लाकडात उतरायचं तर अवजारं हवीत. आमच्या इथल्या सुपरमार्केटात एक मधली रांग असते. एका बाजूला दूध, एका बाजूला ब्रेड आणि मधे जगातलं काहीही. घोड्याचं खोगीर असतं, ऑक्सिजनशिवाय सगळं पाणबुड्याचं सामान असतं आणि स्वस्तातली अवजारं असतात. मी कोथिंबीर आणायला जायचो आणि ड्रिलचा स्टँड घेऊन यायचो. मग छोटं ग्राइंडर आलं, मग पॉलिश पेपरचं मशीन आलं. कोथिंबीर काही आली नाही.

बॉक्स रूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत, माझा कारखाना थाटला. टेबल म्हणून इस्त्रीचं टेबल घेतलं. हसू नका म्हटलं ना! पहिल्यांदा ड्रिल सुरू केलं तर टेबल ड्रिलसकट चालत चालत दारापर्यंत गेलं, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात प्रेसमधल्या सगळ्या बश्या वाजायला लागल्या. प्रेस म्हणजे कपाट हो, इथे राहून आमच्या तोंडात तेच बसलंय. सुप्रिया येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भूकंप संपला की चहाला ये."

मग एका सोमवारी मधल्या रांगेत ती मला दिसली. स्क्रोल सॉ! म्हणजे बारीक कामाची करवत. दिसायला थेट शिवणयंत्रासारखी, फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढं पातं, आणि ते वर-खाली, वर-खाली धावतं. लाकूड फिरवाल तसं नक्षीदार कापलं जातं. दात्यांच्या चाकांसाठी हेच तर हवं होतं! मी खोका असा छातीशी धरून घरी आणला, की लुआसमधल्या, म्हणजे इथल्या ट्राममधल्या, एका आजीबाईंनी उठून मला जागा दिली.

घरी आल्या आल्या जोडणी केली. पातं वेगळं येतं, ते आपण बसवायचं. मी हातात धरायच्या करवतीचा एक व्हिडिओ पाहिलेला होता, त्यात पात्याचे दात वरच्या दिशेला होते, तसंच बसवलं. दोन मिनिटांचं काम. माहितीपुस्तिका होती, चांगली जाडजूड. पण ती मी नंतर वाचणार होतो.

बटण दाबणार, तेवढ्यात कोल्हापूरहून कॉल.

"आणलं का मशीन? पूजा केलासा?"

"नाही अण्णा, आत्ताच..."

"बटनाला हात लावू नगा! उद्या खंडेनवमी. आमच्या उद्यमनगरात उद्या एक मशीन चालत न्हाई. धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, नारळ फोडायचा. दसऱ्याला सोनं वाटायचं, मग बटन. पूजेबिगर मशीन चालवतासा व्हय?"

आता सांगा, सासऱ्यांपुढे मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी बॉक्स रूममध्ये पाट मांडला. पाटावर करवत, ड्रिल, ग्राइंडर, सुप्रियाची विळी आणि माझा लॅपटॉप. सुप्रियाने कुंकू पाण्यात कालवलं आणि अण्णांच्या कारखान्यात ओढतात तशी करवतीच्या पत्र्यावर पाच बोटं ओढली. लालभडक! वर अक्षता टाकल्या, झेंडूची फुलं वाहिली, नारळाचं पाणी शिंपडलं. आणि पुस्तकांचीही पूजा असते म्हणून तिने एकच पुस्तक पाटावर ठेवलं. कुठलं? करवतीची माहितीपुस्तिका!

"अगं, मला ती वाचायचीय."

"पूजेत ठेवलेलं पुस्तक वाचायचं नसतं. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही."

लहानपणी याच नियमावर मी कितीतरी अभ्यास टाळलाय. तेव्हा तो नियम किती आवडायचा! आताही मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

दसरा उजाडला. आपट्याच्या पानाऐवजी बागेतलं कुठलंसं पान एकमेकांना दिलं, पुस्तिका नमस्कार करून देवांच्या प्रेसमध्ये गेली ती गेलीच, आणि मी सुट्टी टाकून करवतीपाशी बसलो. बटण दाबलं. प्लायचा तुकडा पुढे सरकवला.

तुकडा कापला गेला नाही. तो नाचायला लागला! पातं वर जाताना लाकडाला उचलायचं आणि खाली येताना आपटायचं. टाप टाप टाप टाप! शिवाय आतून खुळखुळाही वाजत होता. मी घट्ट धरलं तर माझे खांदे नाचायला लागले, दातांवर दात वाजायला लागले, चष्मा नाकावरून खाली आला. सगळं थांबवलं आणि माझ्यातला टेस्टर जागा झाला. मशीन सदोष!

अण्णा शनिवारी येणार होते. हातात तीन दिवस होते आणि एक चाक कापलेलं नव्हतं. मी तडक बसून दोषाचा अहवाल लिहिला, ऑफिसात लिहितो तसा. अपेक्षित काय, घडलं काय, किती वेळा तपासलं. छापूनही घेतला. गाडी सुप्रिया घेऊन गेली होती, म्हणून करवत चाकांच्या बॅगेत घातली, तिचं मुंडकं चेनमधून बाहेर राहिलं, आणि तशीच ओढत सुपरमार्केटात नेली.

काउंटरवर बर्नी होती. आमच्या ओळखीची, पन्नाशीची, रोज हवापाण्याच्या गप्पा मारणारी बाई. तिचं बोलणं मी तुम्हाला मराठीत सांगतो, पण तिचा चेहरा काही सांगता येणार नाही.

मी करवत उचलून काउंटरवर ठेवली. "बर्नी, हे परत करायचंय. काहीतरी भयंकर बिघडलंय यात."

बर्नीने पत्र्याकडे पाहिलं. कुंकू एव्हाना वाळून काळपट लाल झालं होतं. पाच ओघळ. तिने गळ्यातला क्रॉस मुठीत धरला.

"जीझस, मेरी अँड जोसेफ! मंदार, हे... हे कोणाचं?"

मला वाटलं, रांगोळीचं कौतुक करतात तसं विचारतेय. मी अभिमानाने म्हटलं, "माझ्या बायकोचं."

"बायकोचं?"

"हो, तिच्या बोटांचं. पाचही बोटं."

"पाचही?"

"आमच्यात पाचच असतात. नवीन मशीन आलं की पहिलं हे करावंच लागतं. तिच्या वडिलांनी फोन करून मुद्दाम सांगितलं."

"तिच्या वडिलांनी सांगितलं?" बर्नी हळूच स्टुलावर बसली. "आणि ती... ती आता कुठे आहे?"

"ऑफिसला गेलीय. आज सण आहे ना, सकाळी लवकर उठून श्रीखंड-पुरी केली आणि गेली."

"एकाच हाताने?"

आता तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं की नाही? नाही आलं! मला वाटलं, बाईला पुऱ्यांमध्ये रस आहे. मी म्हटलं, "लाटते एका हाताने, तळायला मी मदत करतो."

बर्नीने बेल दाबली. मॅनेजर डेक्लन धावत आला, बगलेत प्रथमोपचाराची पेटी. मागच्या रांगेतले लोक दोन पावलं मागे सरले. डेक्लनने हातमोजे चढवले, करवत अलगद तिरकी केली आणि आतून अक्षता सांडल्या. काउंटरभर, हळदीने पिवळ्या झालेल्या. डेक्लनने एक दाणा चिमटीत उचलून उजेडात धरला आणि पुटपुटला, "देवा, हे काय आहे?" मागच्या एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना ते काय वाटलं, हे मी आजवर विचारायचं धाडस केलेलं नाही.

"कुठल्या हॉस्पिटलला नेलं होतं?" डेक्लनने अपघाताची वही उघडत विचारलं.

तेव्हा, हो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! मी दोन्ही हात हवेत हलवत ओरडलो, "नाही, नाही! रक्त नाही! कुंकू! आम्ही पूजा केली!"

"कोणाची पूजा?"

"करवतीची!"

मग मी तांदूळ, फुलं, नारळ सगळं समजावलं. सुप्रियाला व्हिडिओ कॉल लावून तिची दहाही बोटं दाखवली. ती मीटिंगमध्ये होती, त्याबद्दल तिने संध्याकाळी मला जे ऐकवलं ते वेगळं. बर्नीचा जीव भांड्यात पडला आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. डेक्लन रांगेकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? या माणसाने प्रार्थना करूनसुद्धा मशीन चालत नाही. आपण काय करणार?"

माझा छापील अहवाल त्याने नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला नवीन करवत दिली. वर म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत उत्तम, "ही चालेल."

घरी आणली. पातं बसवलं, तसंच, आता तर पुस्तिका उघडायचीही गरज वाटली नाही. बटण दाबलं. टाप टाप टाप टाप!

सुप्रिया म्हणाली, "हिची पूजा नाही केलीस ना."

मला ते लागलं. एकदा बिघाड समजू शकतो, पण दोन्ही मशीनमध्ये तोच दोष? म्हणजे सगळा मालच खराब! मी सिटीवेस्टच्या मराठी ग्रुपवर भला मोठा मेसेज टाकला. सावध राहा, ही करवत घेऊ नका, घेतली असेल तर परत करा, मी व्यवसायाने टेस्टर आहे. अंगठे आले, नमस्कार आले. ग्रुपवरच्या तिघांनी आपापल्या मॉडेलांसाठी घेतलेल्या करवती खोकासुद्धा न उघडता परत केल्या. मला कोण अभिमान!

आणि शनिवारी अण्णा आले. विमानातून उतरले, घरी आले, चहा घेतला आणि पहिलं वाक्य, "चरक कुटं हाय?"

मी त्यांना बॉक्स रूममध्ये नेलं. तिथे काहील होती, धुराडं होतं, सगळं पुठ्ठ्याचं. चाकं नव्हती. मी मशीनची सगळी कहाणी सांगितली, दोन-दोन मशीन कशी सदोष निघाली ते सांगितलं, अहवालही वाचून दाखवला. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग आधी प्लग काढला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ते अर्धं बोट पात्यावरून हळूच वरून खाली फिरवलं, मग खालून वर.

"पातं कुनी बसवलं?"

"मीच."

"उलटं हाय."

एवढंच. दोन शब्द. बारीक करवतीत दात खाली हवेत, म्हणजे पातं लाकूड टेबलावर दाबत कापतं. मी दोन्ही वेळा दात वर करून बसवलेलं, म्हणून ते बिचारं लाकूड उचलून उचलून आपटत होतं. आणि पहिल्या मशीनमधला खुळखुळा? आमच्याच अक्षता!

"मशीनबरूबर पुस्तक असतंय. वाचलं न्हाईसा?"

"ते पूजेत होतं, अण्णा."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मी सुप्रियाकडे पाहिलं, तर ती कोथिंबीर आणायला म्हणून पसार झालेली. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. दहा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, तो असा!

पण अण्णा कामाला लागले. पातं सोडवलं, फिरवलं, ताणलं, बोटाने टिचकी मारून त्याचा आवाज ऐकला. मग प्लायवर चाकाची खूण केली आणि बटण दाबलं. करवत लोण्यातून जावी तशी गेली. एक चाक त्यांनी कापलं. दुसऱ्यासाठी मला बसवलं, मागे उभे राहिले आणि म्हणाले, "ढकलू नगा. लाकूड फिरवा, कापायचं तिला कळतंय." माझ्या चाकाचे दोन दात जाड आले, एक तुटला. पण दोन्ही चाकं एकमेकांत बसवून फिरवली, तर फिरली! चरक फिरला हो! मला इतका आनंद झाला की मी अण्णांना मिठी मारली, आणि आमच्याकडे सासऱ्यांना कोणी मिठी मारत नाही.

अण्णा जरा अवघडले. मग अंगावरचा भुसा झटकत म्हणाले, "आता उटा. दुकानात जायाचं."

"कशाला?"

"मशीनला बदनाम केलासा. बनवणाऱ्यानं नीट बनवलंय, आनि तुमी गावभर सांगितलं मशीन खोटं. जाऊन सांगायचं, चूक माझी हुती."

गेलो. सुप्रिया कोथिंबिरीसाठी म्हणून निघालेली, पण दुकानात आधी आम्हीच पोचलो. डेक्लन मला बघताच पुढे आला. म्हणाला, "मंदार, तुझं बरोबर होतं! तुझ्यानंतर तिघांनी करवत परत केली. मी सगळ्या करवती विक्रीतून काढून ठेवल्यात आणि तुझा अहवाल वरच्या ऑफिसला पाठवलाय. काय तपशीलवार लिहिलायस!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कबूल केलं. पातं मी उलटं बसवलं होतं. दोन्ही वेळा. ते तिघे माझे मित्र, त्यांनी खोकासुद्धा उघडला नव्हता. डेक्लन म्हणाला, "म्हणजे चारही मशीन..."

"ग्रँड आहेत," मी म्हटलं.

तेवढ्यात काउंटरवरून बर्नीने हाक मारली. मी ओळख करून दिली, "हे सुप्रियाचे वडील. आयुष्यभर करवतीवर काम केलंय. पूजा करायला यांनीच सांगितलं होतं."

अण्णांनी प्रसन्न हसून दोन्ही हात जोडले. नमस्कार! आणि बर्नीला दिसली ती जोडलेल्या हातांमधली अर्धी तर्जनी.

तिचा हात परत क्रॉसवर गेला. "मंदार! तू म्हणाला होतास ते कुंकू होतं!"

"कुंकूच होतं, बर्नी! हे बोट जुनं आहे! वेगळं मशीन! वेगळा देश!"

तिने ऐकलंच नाही. काउंटरला वळसा घालून आली, माझे दोन्ही हात धरले, पालथे केले, उताणे केले आणि एक एक बोट मोठ्याने मोजायला लागली. वन, टू, थ्री... सगळी रांग मान पुढे काढून बघत होती.

"काय बगतीया ती?" अण्णांनी हळूच विचारलं.

"माझे हात तपासतेय, अण्णा."

अण्णांनी माझ्या त्या दहाही धडधाकट बोटांकडे एकवार पाहिलं आणि मान हलवली.

"तिला सांगा, लग्नात मीबी हीच चूक केली हुती. हात बगत बसलो. डोकं तपासाय पायजे हुतं."